माणूस काढून मिळणार नाही

फोटोतून माणूस काढायचा असेल तर त्याच्या खांद्यावर कुणाचा हात नाही ना, एवढं आधी पाहून घ्यावं. अनुस्वारकाकांनी ते पाहिलं नाही, आणि पुढचं सगळं रामायण त्यातून झालं.

अनुस्वार हे काकांचं खरं नाव नव्हे, हे सांगायला नकोच. एका छापखान्यात त्यांनी जन्मभर मुद्रितं तपासली, म्हणजे मजकूर छापून जाण्याआधी त्यातल्या चुका हुडकून काढल्या. निवृत्त झाल्यावर घरी कुणी चुका आणून देईना, तेव्हा त्यांनी इमारतीच्या सूचनाफलकाकडे मोर्चा वळवला. ‘सर्व सभासदानी पाणी जपून वापरावे’ अशी सूचना लागली, की काका जिन्यातच लाल पेन काढून ‘सभासदांनी’मधला हरवलेला अनुस्वार जागेवर बसवायचे आणि मगच भाजीला जायचे. सेक्रेटरींनी चिडून फलकाला काच बसवली. काकांनी काचेवर टिंब दिलं. त्याचा परिणाम असा झाला की आत कुठलीही सूचना लागली तरी ते टिंब तिच्यावर पडायचं, आणि ‘लिफ्ट बद’पासून ‘सभा तहकूब’पर्यंत सगळ्यांना अनुस्वार मिळायला लागला. इमारत तेव्हापासून त्यांना त्याच नावाने ओळखते.

तर तो फोटो. काकांच्या बैठकीच्या खोलीत एक लांब, फिकट पिवळी भिंत आहे. तिच्यापुढे मधोमध खुर्चीत काकांची आई बसलेली. बघणाऱ्याच्या डाव्या हाताला काकू आणि लेक. उजव्या हाताला तो. आणि त्याच्या पलीकडे, अगदी कडेला, काका. फोटोत आई हसते आहे. आईचे बाकीचे सगळे फोटो ओळखपत्रासाठी काढल्यासारखे होते, अगदी लग्नातलासुद्धा. या एकाच फोटोत ती मान वर करून, डोळे बारीक करून, पोटातून हसली होती. पुढे थोड्याच दिवसांत ती गेली, त्यामुळे दुसरा फोटो मिळण्याची आशा नव्हती.

‘तो’ म्हणजे ज्याच्याशी लेकीचं लग्न ठरलं होतं तो. ते मोडलं. भांडण नाही, तंटा नाही. दोघांनी एका संध्याकाळी चहा घेता घेता ठरवलं, की हे काही आपलं जमायचं नाही, आणि लेक घरी येऊन नेहमीसारखी जेवली. तो दुसऱ्या शहरात नोकरीला निघून गेला. त्या दिवसापासून घरात त्याचं नाव कुणी घेतलं नाही. या सगळ्यात काकांना कुणी काही विचारलं नाही, आणि आपल्याला विचारण्यासारखं काही आहे असं काकांनाही वाटलं नाही. फक्त रविवारी सकाळी शब्दकोडं घेऊन बसलं की समोरची खुर्ची मोकळी असायची. तो येत असे तेव्हा दोघं मिळून कोडं सोडवत. एखादा शब्द अडला की तो पेन्सिलीने कपावर टकटक करायचा. काकांना आधी त्या आवाजाचा राग यायचा, नंतर तो आवाज आला नाही तर कोडं सुटेनासं झालं होतं.

आता लेकीचं नव्याने जमत होतं. मुलगा चांगला होता, लेकीला मनापासून आवडला होता, आणि त्याची आई येत्या रविवारी घर बघायला येणार होती. काकूंच्या मनात एकच गोष्ट होती. सासूबाईंचा तो हसरा फोटो मोठा करून भिंतीवर लागला पाहिजे, आणि त्यात तो नसला पाहिजे.

“आई, त्यांना सगळं सांगितलंय मी,” लेक म्हणाली.

“माहीत असणं वेगळं आणि भिंतीवर असणं वेगळं,” काकू म्हणाल्या. “त्या बाई इथे चहा पीत बसणार आणि समोरून हा त्यांच्याकडे बघून हसणार! रविवारच्या आत काढा हो त्याला. एवढं एक काम करा.”

काका फोटो घेऊन स्टुडिओत गेले. हा फोटो त्याच स्टुडिओवाल्याने घरी येऊन काढला होता, तेव्हा काम चुटकीसरशी होईल असा त्यांचा अंदाज होता. स्टुडिओच्या दारावर पाटी होती : ‘येथे फोटो काढून मिळतील. माणूस काढून मिळणार नाही.’ काकांनी ती दोनदा वाचली. पाटीत एकही चूक सापडली नाही, याचं त्यांना जरा वाईटच वाटलं.

“मागे एकाच्या सांगण्यावरून त्याच्या चुलतभावाला काढला,” स्टुडिओवाला म्हणाला. “प्रकरण कोर्टात गेलं. दोन्ही वकील मला विचारतात, माणूस गेला कुठे? तेव्हापासून नियम केलाय. ज्याला काढायचंय त्याची लेखी संमती आणा. सहीनिशी.”

“अहो, तो इथे नसतो आता.”

“मग बोलवून घ्या.”

“बोलवता आला असता तर काढायला कशाला आलो असतो?”

“ते मी कसं सांगू?” स्टुडिओवाल्याने फोटो उजेडाकडे धरला. “आणि खरं सांगू का काका, या माणसाला काढू नका. मी घसा कोरडा होईपर्यंत ‘आजी हसा, आजी हसा’ म्हणत होतो. आजी ढिम्म. यानं वाकून काहीतरी सांगितलं आणि मग हा फोटो मिळाला मला.”

काकांना ते आठवत होतं. तो काय म्हणाला होता ते मात्र आईने कधी कुणाला सांगितलं नव्हतं. शेवटी स्टुडिओवाल्याने फोटोची फाइल दिली आणि वर म्हणाला, की घरी काय करायचं ते करा, छापून मी देईन. छापायला संमती लागत नाही.

काका घरी पोचायच्या आत बातमी वरच्या मजल्यावर गेली होती. तिथे टेलिफोनवाले राहतात. ते टेलिफोनच्या कचेरीतून निवृत्त झाले, पण त्यांचं बोलणं अजून चालू आहे. ते जिन्यातच उभे होते.

“जिवंत माणसाला फोटोतून काढू नये, अनुस्वार,” ते म्हणाले. “आमच्या मेव्हण्याने साडूला काढला होता. त्याआधी साडू वर्षातून एकदा यायचा. काढल्यापासून दर आठवड्याला येतो. येतो, बसतो, जेवतो, जातो. काही बोलत नाही.”

“काढला म्हणून येतो असं कशावरून?”

“परत चिकटवला तेव्हा यायचा थांबला,” टेलिफोनवाले म्हणाले आणि वर निघून गेले.

लेकीच्या जुन्या कॉम्प्युटरवर फोटो सुधारायचं सॉफ्टवेअर होतं. सकाळी कामावर जायच्या घाईत, एका पायात चप्पल घालून, तिने वडिलांना शिकवलं.

“सोपं आहे, बाबा. फाइल इथून उचलायची. बोट उचलायचं नाही. तसंच दाबून धरून ओढत ओढत सॉफ्टवेअरमध्ये आणायची आणि सोडायची. फोटो आपोआप उघडतो.”

काकांनी फाइल उचलली. ओढली. माउस टेबलाच्या कडेला आला, पण फाइल अजून पोचली नव्हती. तेव्हा काकांनी दुसऱ्या हाताने टेबल सरकवलं.

“कुठे सोडू?”

“सोडा हो कुठेही!” लेक जिन्यातून ओरडली.

काकांचं बोट काही सुटेना. धरलेली वस्तू अधांतरी सोडून द्यायची हे त्यांच्या स्वभावात नव्हतं. अखेर बोटाला मुंग्या आल्या, बोट सुटलं, आणि फोटो उघडला. आई हसली. काकांना आपण काहीतरी कमावल्यासारखं वाटलं. ‘कुठेही’ हा शब्द मात्र त्यांच्या डोक्यात पक्का बसला, आणि घात त्यानेच केला.

माणूस कापायचं काम त्यांनी नेटाने केलं. माउसने त्याच्या कडेकडेने रेघ मारत नेली, केसांभोवती, निळ्या शर्टाभोवती, बुटांभोवती. कापलेला तो सुटा होऊन वर आला. त्याला पुसून टाकायला त्यांचा हात होईना. छापखान्यात गाळलेला मजकूरसुद्धा ते लगेच फेकून देत नसत. कारण कधीकधी गाळलेला शब्दच बरोबर असायचा. मग त्याच्याखाली टिंबांची ओळ देऊन समासात ‘राहू द्या’ असं लिहायचं, की तो शब्द जिवंत. काकांनी त्याला नुसताच जरा बाजूला सरकवला. आणि मागे जे दिसलं ते पाहून त्यांनी माउस सोडला. भिंतीला त्याच्याच आकाराचं भोक पडलं होतं. भोकात करड्या-पांढऱ्या चौकटी होत्या, आणि आई त्या चौकटींकडे बघून हसत होती.

छपाईत शब्द गाळला की पुढचे शब्द सरकून येतात, ओळ बुजून जाते, वाचणाऱ्याला पत्ता लागत नाही. फोटोत माणूस गाळला तर कुणी सरकत नाही. काकांना हे नवीन होतं.

भोक बुजवायला भिंत हवी. भिंत तर तीच, घरातल्या निम्म्या फोटोंत होती. काकांनी लेकीचा शाळेच्या पहिल्या दिवसाचा फोटो उचलला, दम धरून ओढत आणला आणि सोडला. कुठेही सोडायचा होता, तो उघड्या फोटोवरच सोडला.

दप्तर पाठीला लावलेली एवढीशी लेक भिंतीपुढे उभी होती. आणि तिच्या शेजारी तो उभा होता.

पुरता वाढलेला, निळ्या शर्टातला, तसाच हसणारा. त्याच्या खांद्यावर एक हात होता. हात मनगटापाशी संपत होता. हा फोटो काढला तेव्हा हा माणूस स्वतःच कुठेतरी दप्तर लावून रडत असणार. त्यांनी डोळे मिटले, उघडले. तो हसतच होता. खांद्यावरच्या हाताच्या करंगळीजवळ शाईचा डाग होता, आणि तो डाग काकांच्या ओळखीचा होता. ती करंगळी त्यांचीच होती.

घाबरलेल्या माणसाने कॉम्प्युटर बंद करावा. पण चूक दिसली की पुढचं पान उलटायचं, ती आणखी कुठे झाली आहे का ते पाहायचं, ही काकांची जन्माची सवय. त्यांनी दुसरा फोटो ओढला. हे घर घेतलं तेव्हाचा, काका आणि काकू नव्या भिंतीपुढे, लाजून जरा अंतर ठेवून उभे. तो त्या अंतरात होता. जागा त्याच्यासाठीच सोडल्यासारखी बेतशीर होती. मग त्यांनी नुसत्या भिंतीचा फोटो ओढला. ओल कुठे येते ते रंगाऱ्याला दाखवायला काढला होता, त्यात कुणीच नव्हतं. आता होतं.

त्या वेळी मागे टकटक वाजलं.

काका हळूच वळले. समोरची खुर्ची रिकामी होती. आवाज स्वयंपाकघरातून येत होता, नळ कपावर ठिबकत होता. काकांनी उठून नळ घट्ट पिळला आणि स्वतःला चांगलं खडसावलं. परत येऊन बसले. थोड्या वेळाने पुन्हा टकटक झालं. काकांनी या वेळी उठून पाहिलं नाही. नळच असणार असं ठरवून टाकलं.

टेलिफोनवाले चौकशीला खाली आले, तेव्हा काकांनी त्यांना सगळे फोटो दाखवले. कुणीतरी दुसरं घाबरलं तर आपली भीती अर्धी होईल असा त्यांचा हिशेब होता. टेलिफोनवाले चष्मा वर-खाली करून बघत राहिले.

“हे तुमचे पुतणे ना? घरातल्या प्रत्येक प्रसंगाला हजर दिसतात. माणूस मायाळू आहे.”

“तुम्ही ओळखता?”

“म्हणजे काय! परवाच भेटले की जिन्यात. फलकापाशी उभे राहून सूचना वाचत होते.”

“परवा?” काका म्हणाले. “नीट आठवा.”

टेलिफोनवाल्यांनी आठवून पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. “चेहरा ओळखीचा वाटला एवढं खरं,” असं म्हणून ते उठले, आणि पहिल्यांदाच कुणाला सल्ला न देता घरी गेले.

संध्याकाळी लेक आली. तिने पडद्याकडे पाहिलं, आधी दचकली, मग खो खो हसली.

“अहो बाबा, तुम्ही फोटो फोटोवर सोडताय! फलकाच्या काचेवरचं तुमचं टिंब आठवतंय ना? आत कुठलाही कागद लावा, टिंब आपलं वर आहेच. तसा हा कापून वर ठेवलाय तुम्ही, आणि खाली एकेक फोटो सरकवताय. उघड्या फोटोवर सोडला की त्याच्यातच जाऊन बसतो. रिकाम्या जागेत सोडला की वेगळा उघडतो.”

काकांचा जीव भांड्यात पडला. इतकं साधं होतं तर. त्यांनी हसून घेतलं, स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतला, आणि मग, तेवढं एक विचारून टाकावं म्हणून, विचारलं, “मग सावली?”

“कसली सावली?”

शाळेच्या फोटोत सकाळचं ऊन होतं. लेकीची सावली भिंतीवर डावीकडे पडली होती. त्याचीही पडली होती. काकांनी त्याला कापताना बुटांच्या कडेने कापलं होतं, सावली काही कापून घेतली नव्हती.

लेक पुढे वाकली. बराच वेळ तिने पाहिलं. “ओल असेल भिंतीला,” ती म्हणाली आणि कॉम्प्युटर बंद केला.

पुढचे सगळे फोटो काकांनी इमानदारीने रिकाम्या जागेत सोडले. भिंतीचे तुकडे आणून भोक बुजवलं, सुट्या ‘त्या’ला शेवटी पुसलं. पुसताना ‘क्षमा कर हं’ असं काहीसं पुटपुटले, पण ते काकूंनी ऐकलं नाही. काम झालं म्हणून त्यांनी काकूंना बोलावलं.

“अगंबाई, हे काय?” काकू म्हणाल्या. “हात कुठंय तुमचा?”

फोटोत काका कडेला उभे होते. त्यांचा हात भिंतीकडे लांब झाला होता आणि मनगटापाशी संपला होता. पंजा त्याच्या खांद्याबरोबर गेला होता.

“हात मागे घेतल्यासारखा करा,” टेलिफोनवाल्यांनी जिन्यातूनच सांगितलं. आत यायला ते आता तयार नव्हते.

सॉफ्टवेअरमध्ये एक सोय होती. नको त्या भागाला रेघेने वेढा घालायचा, की आजूबाजूचं बघून कॉम्प्युटर तो भाग स्वतःच भरून काढायचा. काकांनी मनगटाला वेढा घातला. कॉम्प्युटरने तिथे आईचा एक कान भरला. काकांनी कानाला वेढा घातला. या वेळी भिंत आली, पण कोपर पुढे आल्यासारखं दिसायला लागलं. कोपर काढलं तर दंड लोंबायला लागला. दंड काढला तर खांदा तिरका झाला. खांदा काढल्यावर मान कशावर आहे ते कळेना. काका वेढे घालत गेले आणि कॉम्प्युटर भिंत देत गेला. भिंत त्याला फार छान जमत होती.

इथे वाचणारा म्हणेल, की अहो, एवढं होईपर्यंत या गृहस्थांच्या लक्षात कसं आलं नाही? तर मुद्रितं तपासणाऱ्याची एक गोम आहे. तो मजकूर वाचत नाही, अक्षरं तपासतो. मजकुरात रमला की चुका निसटतात, म्हणून त्याने स्वतःला तशी सवयच लावून घेतलेली असते. काकांनी शेवटी पडद्यावर पट्टी धरून फोटो वरपासून खालपर्यंत तपासला. आईचे डोळे बरोबर, काकूंची कर्णफुलं बरोबर, लेकीची वेणी बरोबर, भिंतीला कुठे जोड दिसत नाही. एकही चूक नाही. त्यांनी समाधानाने फाइल स्टुडिओत दिली. स्टुडिओवाल्याने छापील फोटो कागदात गुंडाळून त्यांच्या हातात ठेवला आणि म्हणाला, “संमती मागायला हवी होती मी. चुकलंच माझं.” कुणाची संमती, ते तो बोलला नाही. काकू म्हणाल्या, “छान आलाय हो!” आणि फ्रेम भिंतीवर सरळ लागली की नाही ते लांबून पाहून घेतलं.

रविवारी होणाऱ्या विहीणबाई आल्या, सोबत त्यांचा मुलगा. बाई मोकळ्या स्वभावाच्या होत्या. चहा घेता घेता त्यांचं लक्ष भिंतीकडे गेलं.

“आजी किती गोड हसतायत! कुणाकडे बघतायत हो?”

“भिंतीकडे,” काका म्हणाले. खोटं बोलणं त्यांना जमत नसे.

बाई हसल्या. “हा तुम्हीच काढलात ना?”

काकांनी बशी खाली ठेवली. काकूंनी डोळे मोठे केले. आता लपवण्यात अर्थ नव्हता. “हो,” काका म्हणाले. “मीच काढला. पण वाईट भावनेने नाही काढला. मुलगा चांगला होता. हिचा आग्रह पडला म्हणून काढला.”

बाई गोंधळल्या. “अहो, मी फोटोबद्दल म्हणतेय. फोटो तुम्हीच काढलात ना? तुम्ही दिसत नाही यात कुठे, म्हणून म्हटलं.”

सगळ्यांनी भिंतीकडे पाहिलं. डावीकडे काकू आणि लेक. मधे आई. उजवीकडे भिंत, लांबच लांब, स्वच्छ, निर्दोष.

काका उठून फ्रेमजवळ गेले. जन्मात त्यांनी इतकं मोठं काही गळू दिलं नव्हतं. पण त्यांच्या मनाला लागलं ते वेगळंच. त्यांचं सोडा, ते अक्षरं तपासणारे. पण हा फोटो घरच्यांनी पाहिला, बायकोने फडक्याने पुसून भिंतीवर लावला, आणि कुणालाही काही कमी वाटलं नाही. काकूंनी पदराने तोंड झाकलं. “मला तर तुम्ही दिसतच होतात हो,” त्या हळूच म्हणाल्या, आणि त्या खरंच बोलत होत्या.

वेळ सावरायला बाई पुढे झाल्या. “चला, आत्ता एक नवा काढू. सगळे उभे राहा बघू भिंतीपाशी. मी काढते.” सगळे उभे राहिले. काकू, लेक, होणारा जावई, आणि कडेला, जरा अंतर राखून, काका. बाईंनी मोबाइल डोळ्यांसमोर धरला आणि काकांकडे हात केला.

“अहो, तुमच्या शेजारच्यांना जरा आत घ्या ना. डोकं कापलं जातंय त्यांचं.”

काकांच्या शेजारी कुणीच नव्हतं. बाईंनी मोबाइल खाली घेतला, भिंतीकडे पाहिलं, पुन्हा मोबाइलमध्ये पाहिलं. “अगंबाई,” त्या म्हणाल्या, “मला वाटलं…” मग त्यांनी मोबाइल पुन्हा वर धरला. फोटो काढला, चहाची पुन्हा एकदा तारीफ केली आणि हसतमुखाने निरोप घेतला. स्थळ पक्कं होतं, हे त्यांच्या चेहऱ्यावरच दिसत होतं.

लेक त्यांना खालपर्यंत सोडून वर आली. काकू आत कपबशा विसळत होत्या. काका अजून भिंतीपाशीच उभे होते. त्यांचा उजवा हात वर होता, खांद्याच्या उंचीला, हवेत, आणि बोटं काहीतरी धरल्यासारखी वाकलेली होती.

“बाबा,” लेक म्हणाली, “सोडा आता.”

“मला तो आवडायचा गं,” काका म्हणाले. एवढ्या दिवसांत हे वाक्य पहिल्यांदा बाहेर आलं. “कोडं अडलं की टकटक करायचा. तुम्ही दोघांनी ठरवलं, बरोबरच ठरवलं. पण मला कुणी सांगितलंच नाही, की त्याचं येणं आता बंद.”

लेक त्यांच्याजवळ आली. “मी सांगायला हवं होतं. चुकलं माझं. मलाही आवडायचा, बाबा. लग्न करण्याएवढा नाही आवडला, एवढंच.”

“कुठे सोडू?”

लेकीने खोलीभर नजर फिरवली. “फोटोवर नको,” ती म्हणाली. “कुणाच्या अंगावर नको. तिकडे, रिकाम्या जागेत सोडा.”

“मग?”

“मग वेगळा उघडेल. त्याचा तो.”

काका दाराकडे वळले. तिथे खुर्ची नव्हती, माणूस नव्हतं, काही नव्हतं. त्यांनी एकेक बोट सोडवलं. तळव्याला गार वारा लागला, तेव्हा कळलं की तो इतका वेळ गरम होता.

जिन्यावर पावलं वाजली. कुणीतरी सावकाश खाली उतरत होतं.

“टेलिफोनवाले फिरायला निघाले वाटतं,” काकू आतून म्हणाल्या.

बापलेकांनी दाराकडे पाहिलं. टेलिफोनवाले वर राहतात, आणि पावलं यांच्या दारापासून निघाली होती. खाली सूचनाफलकापाशी ती थांबली. काचेवर टकटक झालं, शब्द अडल्यावर व्हायचं तसं. मग पावलं बाहेर पडली आणि रस्त्याच्या आवाजात मिसळली.

काका खुर्चीत बसले. त्यांनी भिंतीवरच्या फोटोकडे बोट दाखवलं.

“उद्या मला परत बसव त्यात.”

“बसवते. आजीच्या शेजारी सरकवून घेऊ?”

“नको. मी होतो तिथेच, कडेला. हात खाली घेतलेला,” काका म्हणाले. “आणि मधली जागा बुजवू नकोस. ती राहू दे.”